थंडी सोसते, उन्हाळा का सोसत नाही?

गटाच्या बैठकीत सहज विचारून बघा, थंडी बरी की उन्हाळा? डहाणूपासून सफाळ्यापर्यंत बहुतेक जणी म्हणतील, थंडीच बरी. थंडीत एक गोधडी जास्त घेता येते, उन्हाळ्यात काय कातडी काढून ठेवायची? बोलणं गमतीचं आहे, पण खरं आहे.

आपलं अंग आतून सतत उष्णता तयार करतं, काम केलं की जास्तच. ती बाहेर गेली तरच आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राहतं. थंडीत हवा गार असते, म्हणून उष्णता आपोआप निघून जाते. उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते. मग एकच वाट उरते, घामाची. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो सुकला तरच अंग गार होतं.

सुकणं म्हणजे काय, हे सातपाटीच्या बायकांना सांगायला नको. वलांडीवरचे बोंबील कोरड्या वाऱ्यात खडखडीत सुकतात, दमट हवेत ओलेच राहतात. घामाचंही तसंच. म्हणून हवामान खातं सपाट मुलखात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. किनाऱ्यावर मात्र 37 अंशांपासूनच, पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला तर. "विदर्भात 45 असतं, आपल्याकडे कुठे एवढं?" असं म्हणून गाफील राहू नका.

मे 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यातली दिवस भरत आलेली एक गरोदर बाई दवाखान्यात जायला भर उन्हात साडेतीन किलोमीटर चालली आणि तेवढंच चालत परत आली. संध्याकाळी तिची तब्येत बिघडली. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेता नेता ती गेली, पोटातलं बाळही गेलं. उष्माघात झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग करायचं काय? उन्हाची सवय व्हायला अंगाला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या कडक उन्हात कामाचा जोर हळूहळू वाढवा. जड काम सकाळी लवकर उरका. बोईसर-तारापूरकडच्या पत्र्याच्या खोल्यांत दुपारी चूल किंवा गॅस पेटवू नका, स्वयंपाक सकाळीच करून ठेवा. पत्र्यावर पेंढा किंवा झावळ्या टाकल्या तर खोली कमी तापते.

आणखी एक गोष्ट, जी आपण उघड बोलत नाही. कामावर संडासाची सोय नसते म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे फार धोक्याचं आहे. सोयीची मागणी एकटीने नको, गटाने करा. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, असा नियमच आहे.

तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ताक, नाचणीची आंबील, ताडगोळे आपल्याकडे आहेतच. खूप घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा घ्या. हे पाणी थोडं थोडं प्या.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना. लगेच काम थांबवून सावलीत बसा. पण कुणी असंबद्ध बोलू लागली, अंग चटका बसावा असं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत तिला सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शेवटी एकच सांगते. तुमच्या पाड्यावर कोण गरोदर आहे, कोण म्हातारी एकटी राहते, हे गटाला ठाऊक असतं. उन्हाळ्यात त्यांच्या दारात दुपारी एक हाक मारा. गरोदर बाईची तपासणी सकाळची ठरवा आणि जाण्यायेण्याच्या गाडीचं आदल्या दिवशीच बघून ठेवा.