माहिष्मतीच्या मागच्या बाजूला

राजे, राक्षस आणि जादूच्या तलवारी यांच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही, असा एखादा तरी वीर तुमच्या वर्गात असेलच! आमच्या सातवीतही एक आहे. त्याचं खरं नाव हजेरीपटावर, एरवी सगळी शाळा त्याला 'कटप्पा' म्हणते. 'बाहुबली'चे दोन्ही भाग त्याला तोंडपाठ. वहीच्या मागच्या पानांवर गणितं कमी आणि किल्लेच जास्त. मधल्या सुट्टीत भांडतो तोसुद्धा त्या पिक्चरमधल्या कालकेय टोळीच्या किलिकिली भाषेत! मदन कार्की या तमिळ लेखकाने ही भाषा खास सिनेमासाठी तयार केली. तिला साडेसातशेच्या आसपास शब्द आहेत आणि चक्क व्याकरणही आहे. मराठीचं व्याकरण म्हटलं की याला झोप येते, तो भाग वेगळा!

तर या वर्षी आमच्या शाळेची सहल हैदराबादला, रामोजी फिल्मसिटी बघायला निघाली. जिथे 'बाहुबली'चं चित्रीकरण झालं तीच ही जागा. कटप्पाचे पाय काही जमिनीवर ठरेनात. त्याच्या आईने कापूस वेचणीच्या मजुरीतून सहलीचे पैसे भरले होते. शाळेत येऊन ती मला म्हणाली, "बाई, लई नाद हाय त्याला. एकदा बघू द्या डोळ्यानं."

रात्री परभणीहून रेल्वेत बसलो आणि सकाळी सिकंदराबादला उतरलो. तिथून बसने विजयवाड्याच्या रस्त्याला लागलो. ही फिल्मसिटी रामोजी राव यांनी १९९६ साली उभारली. तिचा पसारा सोळाशे एकरांहून जास्त. म्हणजे एखाद्या गावाचं अख्खं शिवारच की! जगातलं सर्वांत मोठं चित्रपट संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. आतमध्ये बागा आहेत, विमानतळ आहे, रेल्वे स्टेशनही आहे. पण या विमानतळावरून विमान कधी उडत नाही आणि या स्टेशनवरून कुणी कुठल्या गावाला जात नाही!

कटप्पाला यातल्या कशाचंच काही नव्हतं. "बाई, माहिष्मती कवा यायची?" एवढी एकच विचारणा.

आणि एकदाची माहिष्मती आली. उंच खांब, भलेमोठे हत्ती, राजवाड्याचं प्रशस्त अंगण! सगळी पोरं 'जय माहिष्मती' ओरडत धावली. कटप्पा मात्र हळूच एका हत्तीजवळ गेला आणि त्याने बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. मग तो भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. मी त्याच्या मागे गेले. मागच्या बाजूला ना दगड होता ना संगमरवर. नुसत्या फळ्या, लोखंडी नळ्या आणि रंग उडालेला गिलावा.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "बाई, हे तर सगळं खोटंच हाय की ओ! आता आईला जाऊन काय सांगू?"

खरं सांगते, मला उत्तरच सुचलं नाही. शिकवताना फळ्यावर कितीतरी उत्तरं लिहिते, पण त्या वेळी गप्पच राहिले.

दुपारी आम्ही चित्रीकरण कसं करतात ते दाखवणाऱ्या एका खेळाला बसलो. प्रेक्षकांतल्या एका मुलीला मंचावर बोलावलं आणि एका टांग्यात बसवलं. टांगा जागचा हलत नव्हता. माणसंच तो गदागदा हलवत होती. नंतर दुसऱ्या दालनात टापांचे आणि चाकांचे आवाज तयार करून दाखवले. शेवटी सगळं जोडून पडद्यावर लावलं आणि काय आश्चर्य, टांगा भरधाव सुटला की! पोरांनी शिट्ट्या मारल्या. कटप्पा बाकावरून उठलाच. "बाई, खोटं न्हाई हे! हे केलेलं हाय!"

मला सकाळी न सापडलेलं उत्तर त्यानेच शोधून काढलं होतं.

परतीच्या गाडीत मग आमची बैठक रंगली. मी सांगितलं, 'बाहुबली'तली माहिष्मती साबू सिरिल या कलादिग्दर्शकाने रचली. गरजेपुरता भाग सुतार, रंगारी, मूर्तिकार यांनी बांधला आणि वरचे मजले नि दूरवर पसरलेलं नगर संगणकावर तयार झालं. त्यातला धबधबा केरळातल्या अथिरप्पिळ्ळीचा. तो आहे खरा, पण त्याची उंची संगणकाने वाढवली. आणि माहिष्मती हे नावही मनाचं नाही बरं का! या नावाची प्राचीन नगरी नर्मदेकाठी होती. अहिल्याबाई होळकरांचं महेश्वर म्हणजेच ती, असं अनेक अभ्यासक मानतात.

"पण पहिली जादू कुणी केली?" कटप्पाने विचारलं.

भारतात तो मान आपल्या मराठी माणसाचा! दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ते जादूचे प्रयोगही करत. 'फाळके' हे नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून ते मंचावर येत. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनी केल्या. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. आणि पडद्यामागे कोण होतं? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं, आणि एवढं करून साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही!

"म्हणजे मागच्या बाजूलाच खरी माणसं असत्यात," कटप्पा पुटपुटला आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेला.

गावी आल्यावर त्याने आईला काय सांगितलं, ते मला माहीत नाही. पण पंधरा दिवसांनी आमचं स्नेहसंमेलन झालं. त्यासाठी मुलांनी पुठ्ठ्याचे खोके, जुनी पोती आणि गेरू वापरून किल्ला उभा केला. पुढून तो अगदी दगडी दिसत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर कटप्पा आईचा हात धरून तिला मंचाच्या मागे घेऊन गेला. तिथे पुठ्ठ्यावर, किल्ला करणाऱ्या सगळ्या पोरांची नावं खडूने ओळीने लिहिलेली होती. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत आणि एकही चूक न करता लिहिलं होतं — 'मागूनपण बघा!'

आईने आधी गाठी मारलेली सुतळी ओढून पाहिली, मग पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं पक्कं बांधलंय रे!"