डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली, ती चित्रफीत बघून सगळे हसून झाले. फेरारीला माफ करू, ती वाळूसाठी बनलेलीच नाही. पण पाऊस सुरू झाला की दर सोमवारी फोनवर येऊन पडणाऱ्या थारच्या चित्रफितींचं काय? कधी ओढ्यात, कधी किनाऱ्यावर, कधी भातखाचरात. त्यातल्या काही तर फोर बाय फोर नसतातच. २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि बाहेरून फरक पटकन कळत नाही.

मुळशीकडच्या ऑफ-रोड मेळाव्यात शनिवार-रविवार तंबू टाकून राहिलेलं पुण्याचं एक जोडपं भेटलं. तंबू, स्टोव्ह, मॅगी हे नेहमीचंच, त्यात शिरत नाही. मला रस होता तो गाडी चढणीला लागल्यावर. स्टिअरिंगवर नवरा आणि गाडीसमोर, चिखलात पाय रोवून, हात वर केलेली बायको.

‘‘डावीकडे घे!’’

‘‘अगं, कुणाच्या डावीकडे?’’

‘‘माझ्या!’’

तिथल्या प्रशिक्षकांनी दोघांनाही थांबवलं. डावं-उजवं बंद, ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘पॅसेंजर साइड’ म्हणायचं. शक्यतो तेही नको, नुसते हात. आणि खुणा करणारा एकच. बाकीच्या हौशी मंडळींनी गप्प बसायचं. तो दिसेनासा झाला की ब्रेक.

याला स्पॉटर म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या खेळाचा खरा चालक तोच. कारण चढणीवर बॉनेटपलीकडची जमीन आत बसलेल्याला दिसतच नाही. कुठला दगड चाकाखाली घ्यायचा आणि कुठला टाळायचा, ते बाहेरच्यालाच कळतं. थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा आहे. म्हणजे साधारण वीतभर. वीतभराहून उंच दगड दोन्ही चाकांच्या मधे घेतला की संपलं. त्यापेक्षा चाकच त्यावर चढवायचं.

जाहिरातीत गाडी पाणी उडवत धावते. मेळाव्यात ती माणसाच्या चालीने सरकते. लो रेंज टाकली की वेग मरतो आणि चाकाला जोर मिळतो. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर नाचायचं नाही. सुरुवातीला टायरमधली हवा तिशीवरून १८-२० पीएसआयवर आणायची, म्हणजे रबर पसरून जमीन जास्त धरतं. एक चाक हवेत लटकलं की साधा डिफरन्शिअल सगळी ताकद त्याच मोकळ्या चाकाला देतो आणि ते गरगर फिरत राहतं. ‘गुरखा’ या गाडीत पुढचा-मागचा असे दोन्ही डिफरन्शिअल चालकाला स्वतः लॉक करता येतात. पण आपली काळी माती टायरच्या खाचांत भरली की कुठलाही लॉक फारसा कामाला येत नाही, टायर गुळगुळीत होऊन जातो. मुरमावर ऐट दाखवणारे इथे गप्प होतात.

गोव्यात २०१४ पासून भर पावसात भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतही चालकाबरोबर को-ड्रायव्हर असतो. अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचचा दोर खांद्यावर घेऊन चिखलातून झाडापर्यंत धावायचं काम त्याचं. छायाचित्रात मात्र गाडीच येते.

दुपारी जोडप्याने जागा बदलल्या. तिने सकाळभर ती जमीन पायांनी वाचली होती, त्यामुळे ती निवांत चढली. त्याचे हात मात्र दोन्हीकडे एकदमच हलत होते. बाहेर उभं राहणं अवघड असतं हे त्याने मान्य केलं, जरा उशिराने.

माझी तक्रार मेळाव्यांबद्दल नाही. ते जागामालकाला विचारून, आखलेल्या वाटेवर होतात. तक्रार आहे ती सोमवारच्या चित्रफितींतल्या एकट्या वीरांबद्दल. वेळास, आंजर्ले इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ते घरटं वरून दिसत नाही, आणि गाडीपुढे चालून बघणारंही कुणी नसतं. ओढ्याचंही तेच. थारची पाण्यातली मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण आकडा खोलीचा आहे, प्रवाहाचा नाही. घाटमाथ्यावर सर कोसळली की खालचा ओढा बघता बघता चढतो. आधी कुणीतरी उतरून काठावरून अंदाज घ्यायला हवा. भातखाचराचा बांध फोडून आत गेलेल्यांना शेवटी त्याच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि भाव तो सांगेल तो. माझ्या मते त्यात बांधाची दुरुस्तीही धरायला हरकत नाही.