घट्ट बसणं हाच बुशाचा धर्म
आता बघा, सस्पेन्शनच्या आर्ममध्ये नवा बुश सहज जात नाही म्हणून आपण वैतागतो. पण तो भोकापेक्षा किंचित मोठाच घडवलेला असतो. त्या दाबावरच तर तो जागी टिकतो. म्हणून हातोडा नको, बुश तिरका जातो. लांब बोल्ट, नट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा घेऊन हळूहळू ओढा. जोर फक्त बाहेरच्या लोखंडी कड्यावर. रबराला साबणाचं पाणी चालतं. इंजिन ऑइलनं ते फुगतं.

शेवटचं, महत्त्वाचं. मधला बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्का आवळा. का? हे रबर फिरत नाही, पिळलं जातं. चाक लटकत असताना आवळलंत, तर ते कायम पिळलेलंच राहील आणि लवकर फाटेल.