पायाखालची खीळ

‘पेडल’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजींतून आला असला, तरी त्याचें कुळ आपणांस परकें नाहीं. पाय या अर्थाच्या ज्या लॅटिन शब्दापासून तो निघाला, तो आपल्या ‘पाद’ शब्दाचा चुलतभाऊ होय. मोटारींतील ब्रेकच्या पेडलाकडे मात्र पाय ठेवण्यापलीकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. मीही देत नव्हतों.

आमच्या घरीं सासऱ्यांनीं घेतलेली १९६४ सालची फियाट ११०० गाडी आहे. ही गाडी जन्मानें इटलीची, पण वाढली कुर्ल्यास. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथें आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लाल बहादुर शास्त्री मार्गावर, होता. तिचेंच पुढचें रूप ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें मुंबईभर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषांत हिंडलें. वीस वर्षांच्या मुदतीच्या नियमानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. अशा गाडीचा लहानसा भाग झिजला, तरी आतां तो दुकानांत सहज मिळेल असा भरंवसा नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या गाडीचें ब्रेकचें पेडल डावीउजवीकडे डुलूं लागलें, आणि बरेंच खालीं गेल्यावांचून ब्रेक लागेना. एका गॅरेजांत गाडी दाखविली. तेथील माणसानें पेडल सोडविलें नाहीं. दांडीच्या वाटेंत एक वायसर सारून दिला. पेडल तत्काळ वर आलें. पैसे थोडे पडले म्हणून मीही संतुष्ट झालों! दुसऱ्या दिवशीं मुलुंडहून घाटकोपरला जातांना गाडी आपण होऊन जड चालूं लागली, जळकट वास सुटला, आणि उतरून पाहतों तों चाकांचे ड्रम हात लावूं देईनात. मागल्या बाकावर दोन नातवंडें बसलेलीं होतीं.

असें कां झालें, हें समजून घेण्यासारखें आहे. या गाडीच्या चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलें कीं दांडी मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या ढकलते व दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोंचतो. पाय काढल्यावर दाब उतरावा यासाठीं सिलिंडरला एक बारीक छिद्र असतें. दट्ट्या पुरता मागें आला म्हणजे तें तेलाच्या टांकीकडे मोकळें होतें. दांडी व दट्ट्या यांमध्यें सुमारें एक मिलिमीटरची मोकळीक ठेवतात, ती याचसाठीं. नेमकें माप गाडीच्या पुस्तकांत पाहावें. मोकळीक नाहींशी झाली कीं छिद्र झांकलेलेंच राहतें, कोंडलेलें तेल तापून फुगतें आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. पुढें तेल उकळून त्यांत वाफ झाली, तर दाब त्या वाफेंतच जिरतो; पेडल तळाला टेकतें आणि गाडी थांबत नाहीं. आम्ही त्या पायरीच्या अलीकडे थांबलों, एवढेंच.

साकीनाक्यास एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनीं वायसर काढून माझ्या हातावर ठेवला व म्हणाले, “मास्तर, हा काढला म्हणजे पेडल पुन्हां खालीं जाणार. आंतली पिन बघितल्याखेरीज मी गाडी देणार नाहीं.”

पेडल म्हणजे एक तरफ. तिचें प्रमाण पांचास एक धरलें, तर दांडीच्या टोंकाशीं झालेली एक मिलिमीटरची झीज पायाशीं पांच मिलिमीटर होते. आमची पिन बाहेर आली, ती डमरूसारखी मध्यें बारीक झालेली. बुशाचें वर्तुळाकार भोंक लंबगोल झालें होतें. आणि पिन निसटूं नये म्हणून जेथें स्प्लिट पिन असावयाची, तेथें कोणीं तरी साधी तार पिळून ठेवली होती! रथाच्या आंसाच्या टोंकाच्या खिळीस संस्कृतांत ‘अणि’ म्हणतात. ती निखळली तेव्हां कैकेयीनें तेथें आपला हात घातला, ही कीर्तनांतली कथा वाल्मीकींत नाहीं. पण खिळीच्या जागीं भलतेंच कांहीं घालण्याची चाल जुनी दिसते.

मिस्त्रींनीं पेडल शेगड्यांत धरून जुना बुश दाबून बाहेर काढला. गनमेटल, म्हणजे तांबें, कथील व जस्त यांचा मिश्रधातु, लेथवर कातून नवा बुश केला. तो आंत ठोकला नाहीं, सरळ दाबून बसविला. बसविल्यावर बुश किंचित् आवळतो. म्हणून शेवटचें माप नंतर रीमर फिरवून घ्यावें लागतें. घाईचा कारागीर येथेंच चुकतो व घट्ट बसलेल्या पेडलाला स्प्रिंगचा दोष समजतो. ग्रीजचें भोंक जुळवून घेतलें. पिन पोलादाची नवी केली. मी भाबडेपणानें विचारलें, जाड बोल्ट कां चालणार नाहीं? त्याचे आटे बुशाला कानशीसारखे खातात, असें उत्तर मिळालें. स्प्लिट पिन नवी घातली. एकदां वांकविलेली ते पुन्हां वापरीत नाहींत. ग्रीज बेताचेंच लाविलें, कारण तें सिलिंडरच्या रबरास लागलें कीं रबर फुगतें.

हें सारें सोडून नव्या गाडीचे ब्रेक बसवावेत, असा सल्ला आमच्या जांवईबापूंनीं दिला होता. परंतु २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व्हावयाची, तर ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते. बुश व पिन यांनीं त्या मूळ रूपास धक्का लागत नाहीं.

शेवटीं चाकें जॅकवर उचलून पेडल दाबलें व सोडलें. पाय काढतांच चारही चाकें हातानें निर्वेध फिरलीं. परततांना मी वाटेंत तीनदां उतरून ड्रमला हात लावला. ते कोमट होते.