नेरुळ ते नागपूर, सरळ रेषेत

रात्री पावणेबाराला रूममेटला घरून फोन आला. बाबा आयसीयूत आहेत, निघ. घर नागपूरला. आम्ही तिघी इथे सारसोळे गावठाणात, भाड्याच्या खोलीत. नवी मुंबईचं विमानतळ तेव्हा सुरू व्हायचं होतं. तिने मोबाइलवर आधी काय शोधलं माहितीये? मुंबई-नागपूर हवाई अंतर. सुमारे ६८० किलोमीटर. "म्हणजे दीड तासच ना," असं म्हणून ती जरा शांत झाली.

हा आकडा वहीतही काढता येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. मुंबई विमानतळ १९.०९ वर, नागपूरचं २१.०९ वर. फरक २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. रेखांशातला फरक ६.१८ अंशांचा. पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ सरकत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश साडेएकशे चार किलोमीटरच भरतो. झाले ६४५. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर ६८२! लांबच्या शहरांना मात्र हा जुगाड चालत नाही, कारण पृथ्वी गोल. तिथे ग्लोबवर दोरा ताणून धरायचा. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडे वाकलेला दिसतो, पण सगळ्यात जवळचा मार्ग तोच.

विमान दरवेळी या दोऱ्यावरून जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. शहरं तिथेच, इंधन जास्त.

नागपूरला रेल्वेने जायचं तर सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. तिथून पुढचं ट्रॅफिक तुमचं तुम्ही बघा.

त्या रात्री खरा घोळ झाला तो जमिनीवर. सारसोळेहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत जेमतेम १६ किलोमीटर. पण मधे खाडी, म्हणून कॅब वाशीच्या पुलावरून. मग चेक-इन, सिक्युरिटी, पहाटेच्या पहिल्या फ्लाइटची वाट बघणं, उतरल्यावर पुन्हा रिक्षा. ती हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दहा तासांत प्रत्यक्ष हवेत होती ती तास-सव्वा तास. आणि तिकीट? ऐनवेळचं. तिच्या वाट्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढं. पैसे आम्ही दोघींनी मिळून भरले.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. आमच्या जेट्टीवरून ते सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर. त्याच्यासाठी दहा गावं हलली, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला. लोक जेट्टीवर संध्याकाळी विमानं बघायला उभे राहतात, मीही राहते. पण हे सगळं आठवलं की फोटो काढायचा राहून जातो.

तिचे बाबा आता बरे आहेत. होळीला ती घरी गेली ती ट्रेननेच, स्लीपरने, पूर्ण ८३७ किलोमीटर. आमचे निम्मे पैसे परत आलेत. उरलेल्यांवरचं व्याज म्हणून संत्रा बर्फीचा डबा आलाय, तोही निम्मा तिनेच संपवला.