यूरोपांतील डीझेल शंटिंग इंजिनें : क्रमांकाचें व कपलिंगाचें प्रामाण्य

यूरोपांतील रेल्वेयार्डांचीं मिती नसलेलीं छायाचित्रें ज्यांच्या संग्रहांत आहेत, त्यांस शंटिंग इंजिनांची, म्हणजे यार्डांत वाघिणींची जोडतोड करणाऱ्या डीझेल इंजिनांची, ओळख पटविण्याचा प्रसंग येतो. बहुतेक संग्राहक अंगावरील क्रमांक वाचून तेथेंच थांबतात. आमच्या मतें हें पोथीच्या पुष्पिकेवर विसंबून कागद व अक्षरवळण न पाहण्यासारखें होय. क्रमांक मागाहून बदलतो. आंसांची संख्या बदलत नाहीं, आणि कपलिंग बदललें असल्यास त्यास कांहीं कारण असतें.

पश्चिम जर्मनीच्या ‘व्ही ६०’ ह्या जातीचें उदाहरण घेऊं. १९५५ ते १९६४ ह्या काळांत हीं ९४२ इंजिनें बांधलीं गेलीं. १९६८ सालीं त्यांस २६० व २६१ हे वर्गक्रमांक मिळाले. १९८७ सालीं तेच ३६० व ३६१ झाले. तेव्हां २६० दिसल्यास छायाचित्र १९६८ पूर्वींचें नाहीं, असें निश्चित म्हणतां येतें. मूळचा क्रमांक दिसल्यास मात्र तें त्यापूर्वींचेंच, असें म्हणूं नये. जतन केलेल्या इंजिनांवर हौशी मंडळी जुने क्रमांक पुन्हां रंगवितात. ती जुन्या मितीची नवी नक्कल समजावी.

याहून मोठा घोटाळा नांवाचा आहे. पूर्व जर्मनीनेंही आपल्या इंजिनास ‘व्ही ६०’ हेंच नांव दिलें होतें. पश्चिमेच्या इंजिनास तीन आंस, पूर्वेच्यास चार. १९७० सालीं पूर्वेच्या इंजिनास १०६ हा वर्गक्रमांक मिळाला. त्यापूर्वींच्या चित्रांत चाकें मोजणें हाच सरळ उपाय. ब्रिटनच्या ०८ वर्गासही (१९५२ ते १९६२, एकूण ९९६) तीनच आंस आहेत. परंतु पश्चिम जर्मनीच्या इंजिनांत जोडदांडा चाकें नसलेल्या आणखी एका आंसासही जोडलेला असतो, तसा तो ब्रिटिश इंजिनांत नसतो; तेथें विजेच्या मोटारी चाकांच्या आंसांसच फिरवितात.

आतां कपलिंग. ओढीचा आंकडा, त्यास अडकविण्याची फिरकीची सांखळी व दोहों बाजूंस बफर, ही जोडणी पश्चिम व मध्य यूरोपांत सर्वत्र आढळते. आपल्या ब्रॉडगेज गाड्यांमुळें ती वाचकांस परिचितच आहे. एवढ्यावरून देश ठरत नाहीं. कांहीं जर्मन इंजिनांस चालकानें खालीं न उतरतां वाघिणीचा आंकडा पकडणारें यंत्र असतें. तें पाहून परदेशी इंजिनाची कल्पना करूं नये.

खरी परीक्षा ‘एसए-३’ ह्या रशियन पंजाची. हें स्वयंचलित कपलिंग मधोमध असून त्यास बाजूच्या बफरांची गरज नसते. चार आंसांच्या जर्मन इंजिनास असा पंजा दिसला, तर छायाचित्र बनावट अथवा इंजिन रशियन, असा निकाल घाईनें देण्याचा मोह होईल. तो आवरावा. १९८६ सालीं र्‍यूगेन बेटावरील मुक्रान बंदरापासून लिथुआनियांतील क्लाइपेडापर्यंत रेल्वेच्या वाघिणी वाहणारी जहाजें सुरू झालीं. सोव्हिएत वाघिणी १५२० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या व पंजाच्या असल्यामुळें, त्या हलविण्यास पूर्व जर्मनीचीं हींच इंजिनें रुंद चाकजोडांचीं करून घेतलीं गेलीं. एकीकृत जर्मनींत तीं ३४७ वर्गांत गणलीं गेलीं. म्हणून अशा चित्रांत मुक्रान येथील यार्डाची शक्यता प्रथम तपासावी, व रुळांच्या रुंदीकडेही नजर टाकावी.

आंकडा व पंजा एकाच ठिकाणीं, शिवाय बाजूस बफरही दिसल्यास फिनलंडकडे वळावें. तेथील रूळ १५२४ मिलिमीटरांचे; स्वदेशीं वाघिणी सांखळीच्या व रशियांतून येणाऱ्या पंजाच्या, म्हणून तेथें दोहोंशीं जुळणारें ‘युनिलिंक’ नांवाचें कपलिंग वापरांत आलें.