संकल्पाची वाक्यरचना

आरोग्यासाठी केलेले निश्चय बहुधा भविष्यकाळी वाक्यांच्या रूपाने प्रकट होतात : 'उद्यापासून रोज फिरायला जाईन', 'यापुढे गोड खाणार नाही'. निश्चय मोडला की दोष मनोबलाला दिला जातो. त्या दोषाचा काही अंश वाक्याच्या घडणीतही असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'मी वचन देतो' हे वाक्य उच्चारणे हीच वचन देण्याची कृती होय, असे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत प्रतिपादिले. ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वचनातून मुक्त करण्याचा अधिकार ते ज्याला दिले त्याचा असतो. स्वतःला दिलेल्या वचनात मात्र वक्ता व श्रोता एकच. बांधणारा जो, सोडणाराही तोच. निश्चयाचे दौर्बल्य येथे आहे.

आपल्या धार्मिक संकल्पात देशकालाचा उच्चार करून 'करिष्ये' म्हणतात. हे रूप आत्मनेपदी आहे. क्रियेचे फल कर्त्याकडे जाते, हा त्यातील पाणिनीय संकेत. परंतु तेथील देशकाल उच्चाराचा असतो, आचरणाचा नव्हे. आचरणाचा काळ 'नेम' ठरवितो. चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करणाऱ्याच्या नेमाला आषाढ शुद्ध एकादशीचा आरंभ आहे, कार्तिक शुद्ध एकादशीचा शेवट आहे, आणि घरची माणसे साक्षीला आहेत.

आचरणाचा क्षण वाक्यातच बांधण्याचे महत्त्व मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडले : 'अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन'. गॉलवित्झर व शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ परीक्षणांचा एकत्र विचार केला, तेव्हा ह्या रचनेचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. मराठीत हे कार्य 'की' हे अव्यय सहज करते : 'रात्रीचे जेवण झाले की अर्धा तास चालेन'. येथे आठवण करून देण्याचे काम आधीच्या क्रियेकडे जाते. आठवड्यातून पाच दिवस हा नेम पाळल्यास, चाल पुरेशी भरभर असेल तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेली किमान १५० मिनिटे भरतात.

नकाराचेही असेच आहे. 'मला गोड चालत नाही' ह्या वाक्यात वक्ता चतुर्थीत जातो आणि बंदी बाहेरून आल्यासारखी भासते. 'मी गोड खात नाही' यात तो कर्ता राहून आपला स्वभाव सांगतो. इंग्रजीतील अशाच भेदावर पॅट्रिक व हागत्वेट यांनी २०१२ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या प्रकारचा नकार मोहापुढे अधिक टिकला. हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. तो तपासणे हे आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे.

फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस, मध्यकाने ६६ दिवस, लागतात असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने विशेष हानी झाली नाही. म्हणून 'एकदा मोडला तो नेम संपला' ही समजूत निराधार ठरते. व्यसनासारख्या विकारात वाक्यरचना पुरेशी नाही. तेथे वैद्यकीय उपचारच हवेत. इतर ठिकाणी मात्र, स्वतःच्या चारित्र्याला दूषण देण्यापूर्वी आपण कोणते वाक्य उच्चारले होते, हे एकदा तपासून पाहावे.